पाणी भरलं की काडी थांबते

गेल्या आठवड्यात कासू स्टेशनवर माझी रोह्याची गाडी चुकली. जिना उतरत असताना डोळ्यांदेखत गेली आणि पुढची दुपारी होती. मग चडफडत हायवेला आले आणि महाडची एसटी धरली. कोलाडला उतरायचं आणि तिथून रोह्याला जायचं, असा द्राविडी प्राणायाम. खांबला ड्रायव्हर चहाला उतरला, म्हणून मीही उतरले. समोरच्या हॉटेलाबाहेर नवी कोरी पाटी होती : 'पोपटी मिळेल. फुल, हाफ.'

हाफ पोपटी म्हणजे काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणजे आता काय, हाफ लग्न आणि हाफ पालखीही निघेल. पण भांबुर्डीच्या पाल्याचा वास नाकात शिरला आणि पाय तिकडे वळले ते वळलेच. हाफ सांगितली. कागदाच्या डिशमध्ये वालाच्या दहा-पंधरा शेंगा, अर्धा बटाटा आणि एक अंडं. उभ्यानेच खाल्ली. शेंगा कोवळ्या होत्या, भाजल्याही बऱ्या होत्या, मीठही अगदी बेताचं होतं. कोणी टाकलं असेल हे मीठ, असं मनात आलं आणि शेंग तोंडातच राहिली. ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा डिश तशीच ठेवून मी एसटीत चढले.

बाहेरच्यांना पोपटी म्हणजे खायचा पदार्थ वाटतो. आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या गावांत, तो थंडीचा कार्यक्रम असतो. मडकं एकाचं, शेंगा दुसऱ्याच्या, भांबुर्डीचा पाला तिसरा कुठून तरी बांधावरून ओरबाडून आणतो, कोणाच्या घरची अंडी, कोणाचा पेंढा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाला, शेंगा, पाला असं ठासून भरायचं, तोंडाला पाल्याचा बोळा लावायचा आणि मडकं शेतात उपडं घालून वरून जाळ करायचा. मग सगळ्यांनी भोवती बसून गप्पा छाटायच्या. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चुर्र झालं की झाली पोपटी. हे एकट्याने करता येत नाही. करायला गेलं तर करता येईल, पण मग त्याला शेंगा उकडणं म्हणतात.

मी रोह्यात राहते, कुंडलिकेच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. कंपनी बंगलोरची, काम घरून. माझे सहकारी मला फक्त चेहऱ्याने माहीत आहेत. स्क्रीनवरच्या चौकटींत ओळीने बसलेले असतात, आणि मीटिंग संपली की एकेक चौकट विझते. शेवटची चौकट माझीच उरते. मग मी स्वतःकडे क्षणभर बघते आणि लॅपटॉप मिटते. लग्न केलं नाही. का केलं नाही हे आता कोणी विचारतही नाही, आणि ते विचारत नाहीत याचं वाईट वाटावं असं वय आलं आहे. धाटावच्या कारखान्यांच्या शिफ्ट सुटतात तेव्हा खाली माणसांचा लोंढा येतो. मी गॅलरीत उभी राहून तो पाहते. त्यांतलं कोणी मला ओळखत नाही.

अशाच एकट्या रविवारांमधून मी 'पाणवेळ' बनवलं. मोबाइलवर चालणारा छोटासा प्रोग्रॅम. तुमची खाडी निवडायची, आज भरती किती वाजता पुरी होणार ते तो सांगतो. आमचं गाव कासू स्टेशनपासून पश्चिमेला, खाडीच्या बांधाला टेकलेलं. अर्धं गाव भातशेतीवर, अर्धं मिठाच्या आगरांवर. तिथे कोणी घड्याळ पाहत नाही, पाणी पाहतात. भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध, आणि शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणून बांधात दगडी दार. त्याला उघाडी म्हणतात. माझे बाबा, हिराजी, जन्मभर आगरात राबले आणि उघाडी सांभाळत राहिले. त्यांच्यासाठी काही करावं असं मला वाटलं, असं लिहिलं तर छान दिसेल. खरं सांगायचं तर मला रविवार खायला उठायचे.

पाणवेळ मी ओपन सोर्स ठेवलं. म्हणजे आतलं सगळं उघडं. कोणीही यावं, पाहावं, दुरुस्त करावं, फुकट वापरावं. बांधाला खांड पडली की आमच्याकडे घरटी एक माणूस चिखलाची पाटी घेऊन येतो, बोलावणं लागत नाही. तसंच हे. फरक इतकाच की इथे घरं दिसत नाहीत, आणि खांड पडल्याची हाळी कोणाच्या कानावर जाते ते कळत नाही. आमच्या धंद्यात अशा कामाला मान आहे. मलाही तो हवा होता.

तर पद्धतीप्रमाणे मी 'सहभागी कसे व्हाल' असं एक पानही लिहिलं. अशी पानं सगळीकडे असतात, मी चार ठिकाणी पाहून माझं जुळवलं. प्रोग्रॅम वापरून पाहा. चूक दिसली तर कळवा. कधी, कुठे, किती चुकलं ते लिहा. आपल्या बोलीतले शब्द सुचवा. शेजाऱ्याला शिकवा. कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्या. आणि सर्वांत वर, जाड ठशात : 'सहभागासाठी कोडच लिहायला हवा असं नाही.' हे वाक्य लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. त्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी वाट पाहत होते ती कोड लिहिणाऱ्यांची. तीन वर्षांत असा एकच आला, कुठल्या तरी कॉलेजातला. त्याने पाठीमागचा रंग काळा करून दिला आणि गेला. बाकीचे सगळे नुसते चुका काढणारे. मी त्यांना मनातल्या मनात फुकटे म्हणायचे.

त्या चुका काढणाऱ्यांत पहिले बाबा.

दिवाळीला गावी गेले होते. बाबा ओटीवर बसलेले, हातात मी दिलेला मोबाइल, तोही असा दूर धरलेला की जणू चावेल. मी बॅग टेकवायच्या आत म्हणाले, "वनू, तुझं पानी लवकर येतंय गो. आपल्या उघाडीवर तवा येत नाय."

त्यांचं गणित तोंडी होतं. तिथीची पाऊणपट. एकादशीला अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठला समुद्रावर भरती, आणि वर खाडीचं काय ते धरायचं. हे 'काय ते' त्यांच्या अंगात होतं, मला ते कधीच सांगता आलं नाही त्यांना. मी म्हटलं, बाबा, हे तिथीवर चालत नाही, बंदरावरचं गणित आहे, त्यात अमुक आहे, तमुक आहे. ते ऐकून घेत होते. मग पुन्हा म्हणाले, पण लवकर येतंय. आदल्या रात्री कंपनीत खटका उडालेला, गाडीत बसायला मिळालं नव्हतं, आणि आल्या आल्या हे. माझा आवाज चढला.

"नुसतं चुकतंय, चुकतंय म्हणू नका. कधी, कुठे, किती चुकतंय ते लिहून ठेवा. नाहीतर मला काय कळणार?"

माझ्या त्या पानावरचंच वाक्य होतं ते, शब्द न् शब्द. फक्त पानावर मी त्याच्यापुढे 'कृपया' लिहिलं होतं. चार दिवस राहिले, करंज्या खाल्ल्या, पाण्याचा विषय कोणी काढला नाही. निघताना त्यांनी स्टेशनपर्यंत पिशवी आणली आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहिले. मी खिडकीतून हात केला की नाही, आठवत नाही. पुष्कळदा आठवून पाहिलंय.

मार्गशीर्षात ते गेले. सकाळी आगरातून येऊन पडले, नरेशने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, रिक्षा काढून पेणला नेलं. मी रोह्याहून पोचले तेव्हा ते बोलत नव्हते. पाच दिवसांनी, पौर्णिमेच्या संध्याकाळी, संपलं. आई लहानपणीच गेली होती, त्यामुळे दिवस झाल्यावर घराला कुलूप लावायला काही अडचण आली नाही. किल्ली मी बायजाकाकीकडे, नरेशच्या आईकडे दिली आणि रोह्याला आले.

ती थंडी मला नीट आठवते, कारण त्या थंडीत मी काहीच केलं नाही. लोक म्हणतात दुःखात रडू येतं. मला कंटाळा यायचा. सकाळी उठायचं, कंपनीचं काम करायचं, चौकटी विझल्या की गॅलरीत उभं राहायचं. कुंडलिकेवर धुकं असायचं, ते नऊ-साडेनऊला उठायचं, मग पलीकडचा काठ दिसायचा. फोन वाजला की वाटायचं बाबा असतील. मग वाटायचं, ते नसतील तर मी का उचलू.

पाणवेळवर मात्र निरोप यायचे. एक बाई होती, सुमन नावाची, खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली. ती लिहायची नाही, आवाज भरून पाठवायची. मागे वाऱ्याचा आणि बायकांच्या बोलण्याचा कलकलाट. "ताई, तुमचं पानी आधीच येतंय. आम्ही चिंबोऱ्या सोडून वर येतो नि पानी येतच नाय. तेवढा टाइम फुकट जातो." असे तिचे तीन-चार निरोप होते. एकदा ऐकला आणि मोबाइल उशीखाली सारला. ज्याच्यासाठी हे बनवलं असं मी जगाला सांगायचे, तो माणूस उरला नव्हता, आणि ही बाई चार खेकड्यांचं गाऱ्हाणं घेऊन बसली होती. मला तिचा राग आला. इतका की मी त्याच दुपारी सूचना लावून टाकली : 'पाणवेळ माघी पौर्णिमेपासून बंद होत आहे. एकटीने चालवणं शक्य नाही. आजवर कोणी सहभाग दिला नाही.'

शेवटचं वाक्य लिहून मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

कोड उघडा असला की बंद करणं सोपं असतं. कुलूप लावायचं, बस. पण एक गोष्ट मला कळत होती आणि मी ती कळू देत नव्हते. त्या प्रोग्रॅममध्ये आमच्या खाडीची जी यादी होती, उघाड्यांची नावं, कोणत्या फाट्याला काय म्हणतात, कुठे पाणी आधी वळतं, ते सगळं बाबांनी सांगितलेलं. ते बंद झालं की बाबांचं म्हणून माझ्याजवळ एक कुलूपबंद घर तेवढं राहणार होतं. तरी मी बंद करणार होते. हट्ट म्हणा.

माघात नरेशचा फोन आला. पोपटी आहे, ये. मी म्हटलं, नको रे, काम आहे. तो म्हणाला, तू नाय आलीस तर आई मला खाईल. म्हणून गेले. शुद्ध दशमी होती.

आगरात तेव्हा मिठाच्या राशी लागायला सुरुवात झालेली. कापलेल्या शेतात, बांधाच्या या बाजूला, सगळे जमले होते. नरेशने मडकं आणलेलं. काकीच्या पदरात शेंगा, शेजारच्यांचा पेंढा, भांबुर्डीचा भारा. मला कोणी काही आणायला सांगितलं नव्हतं, मी पाहुणी. ऊन उतरता उतरता जाळ लागला. लोक बोलत होते, मधूनच हसत होते, आणि माझ्याकडे नजर गेली की जरासे थांबत होते. दुखवट्याच्या माणसाशी कसं वागावं हे कोणालाच कळत नाही, त्या माणसालाही नाही.

मडकं चुर्र बोललं. नरेशने पोत्यावर ओतलं. वाफ, वास, सगळं जिथल्या तिथे. प्रत्येकाने एकेक शेंग उचलली, दाताने सोलली, आणि दुसरीला कोणाचा हात जाईना. मग काकीने विचारलं, "मीठ कोनी टाकला?"

नरेशने पेंढावाल्यांकडे पाहिलं. पेंढावाल्यांनी भांबुर्डीवाल्याकडे. मीठ कोणीच टाकलं नव्हतं. पाठीमागे शंभर पावलांवर मिठाच्या राशी, गावातल्या प्रत्येकाच्या आज्या-पणज्यापासून पायांची कातडी मिठाने सोललेली, आणि पोपटी अळणी. नरेशला हसू आलं. म्हणाला, पन दरसालाला कोन टाकतो मग? आणि हे विचारताच त्याने हातातली शेंग खाली ठेवली.

दरसाल बाबा टाकायचे. मला ते एकदम समोर दिसलं. डोक्यावरची टोपी काढायची, तिच्यात मूठभर खडे मीठ, आणि मडकं भरताना पाल्याच्या प्रत्येक थराला दोन बोटांनी सोडत जायचं. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं की हे माझं काम. इतक्या वर्षांत एकालाही माहीत नव्हतं की मीठ म्हणून काही आणावं लागतं. आम्हाला वाटायचं, आगरातली पोपटी, ती खारटच होते.

कोणीतरी राशीकडे निघालं होतं. काकी म्हणाली, रास चिखलाची हाय, हिराजीच्या घरी बरणी हाय धुतल्या मिठाची. किल्ली तिच्या कमरेलाच होती. ती मला दिली. मी एकटीच गेले.

घर उघडलं. बंद घराला येतो तो वास आला, आणि त्याच्या खाली थोडासा बाबांच्या विडीचा. स्वयंपाकघरात दिवा लावला. फळीवर चिनी मातीची बरणी होती, अर्धी भरलेली. तिच्या शेजारी भिंतीला कॅलेंडर. गेल्या सालचं, डिसेंबरचं पान. खिळ्याला दोरीने पेन्सिल बांधलेली. आणि तारखांच्या चौकोनांत बारीक आकडे.

प्रत्येक चौकोनात दोन वेळा. वरच्या वेळेपुढे 'व', खालच्या वेळेपुढे 'पा'. मला लगेच कळलं नाही. मग मी पान उलटून नोव्हेंबर पाहिला. आकडे त्रिपुरी पौर्णिमेपासून सुरू होत होते. 'व' म्हणजे वनू. 'पा' म्हणजे पाणी. माझी वेळ आणि पाण्याची वेळ. रोज. एकही दिवस न चुकता. कुठे पाण्याची वेळ रोजच्यापेक्षा पुढे गेलेली, तिथे शेजारी 'वारा' असं लिहिलेलं, म्हणजे वारा होता म्हणून आजचं धरू नको. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर, एकेक आकडा गिरवून काढलेला.

कधी, कुठे, किती.

मी तिथे, चुलीपुढे, खाली बसले. बाहेर लोक मिठासाठी थांबले होते आणि मला उठता येत नव्हतं. धंद्यात इतकी वर्षं काढली, हजारो तक्रारी वाचल्या, पण इतका चोख अहवाल मला कोणी दिलेला नाही. आणि मी त्यांना ओरडले होते. आणि 'कोणी सहभाग दिला नाही' असं साऱ्या जगाला दिसेल असं लिहिलं होतं.

डिसेंबरच्या पानावर दशमीपर्यंत दोन्ही वेळा होत्या. एकादशी, द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी, या चार चौकोनांत फक्त 'व'. दर सोमवारी ते आठवड्याच्या माझ्या वेळा मोबाइलवरून आधीच उतरवून ठेवत असणार. खाली पाण्याची जागा मोकळी. त्यानंतरचा पौर्णिमेचा चौकोन कोराच.

माझं येणं होत नाही म्हणून काकी मागोमाग आली. दारात उभी राहिली. मी कॅलेंडराकडे बोट केलं. तिला माहीत होतं. म्हणाली, मी बोललेली त्याला, पोरीला फोनवर सांगून टाक. "पुनवेपासून पुनवेपरत पुरा झाला का देतो, बोलला. अर्धा दिला तर परत रागवेल ती."

मग तिने बरणी उचलली आणि माझा हात धरून मला बाहेर आणलं. शेंगा वरून मीठ भुरभुरून खाल्ल्या. वरून टाकलेलं मीठ लागत नाही, आतच जावं लागतं. पण सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ल्या.

मी रोह्याला गेलेच नाही. कंपनीला पाच दिवसांची रजा कळवली आणि घरातच राहिले. माघी पौर्णिमेला पाचच दिवस होते. रोज सकाळी गमबूट घालून उघाडीवर जायचे. काय पाहायचं हे लहानपणी बाबांनी दाखवलं होतं, तेवढं आठवत होतं. पेंढ्याची एक काडी पाण्यावर सोडायची. भरती चढत असेल तर काडी आत, गावाकडे जाते. ओहोटी लागली की बाहेर जाते. मध्ये एक वेळ अशी येते की काडी जागच्या जागी थांबते. पाणी भरलं. तीच वेळ लिहायची.

एकादशीला पाणवेळ म्हणत होतं, नऊ वाजून पाच मिनिटं. नऊ पाच झाले, काडी आत निघालेलीच. सव्वानऊ, साडेनऊ. बगळे उभे होते, समोरच्या चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या, आणि माझा प्रोग्रॅम खोटा पडत होता. नऊ त्रेचाळीसला काडी थांबली. घरी येऊन एकादशीच्या चौकोनात, बाबांनी लिहिलेल्या माझ्या वेळेखाली, मी फरक लिहिला : अडतीस मिनिटं. महिना वेगळा, साल वेगळं, शास्त्र म्हणून हे बसत नाही, हे मलाही कळतं. पण तिथी तीच होती. दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस. मग सदतीस. मग पुन्हा अडतीस. बाबांच्या महिनाभराच्या नोंदी त्याच्याच आगेमागे होत्या. 'वारा' लिहिलेले दिवस सोडून.

त्या चार सकाळी मी उघाडीवर एकटी होते, पण गॅलरीतल्यासारखी नव्हते. कोणाचं तरी अर्धं राहिलेलं काम हातात होतं. चौथ्या दुपारी ओटीवर बसून दुरुस्ती केली. कोड म्हणाल तर एक ओळ. एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा, बंदरावरून उघाडीपर्यंत पाणी पोचायला लागणाऱ्या वेळेचा. ही एक ओळ लिहायला मला पाच मिनिटं लागली, आणि ती काय लिहायची हे कळायला एका माणसाचा शेवटचा महिना लागला. मग सुमनचे सगळे निरोप ओळीने ऐकले. ती पहिल्या निरोपात तारीख सांगत होती, जागा सांगत होती, किती वेळ ते सांगत होती. मी ऐकलंच नव्हतं. तिच्या काठाचाही आकडा बदलला आणि तिला कळवलं.

पौर्णिमेला, ज्या दिवशी पाणवेळ बंद व्हायचं होतं त्या दिवशी, नवी वेळ होती बारा अडतीस. काकी म्हणाली, मीही येते. ऊन चढलेलं. आम्ही दोघी उघाडीच्या दगडावर बसलो, मी काडी सोडली. बारा पंचवीसला ती हळू झाली. बारा अडतीसला ती थांबली. आमच्या पायांखाली सगळी खाडी भरून गप्प उभी राहिली.

"आलं पाणी," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असावं, कारण काकीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं की हे तिला सांगितलेलं नाही.

घरी येऊन पौर्णिमेच्या कोऱ्या चौकोनात पेन्सिलीने 'व' लिहिलं आणि बारा अडतीस. खाली 'पा' आणि बारा अडतीस. दोन महिन्यांच्या त्या दोन पानांवर दोन्ही वेळा सारख्या असलेला तो एकच चौकोन आहे.

बंदची सूचना काढली. 'सहभागी कसे व्हाल' हे पानही काढून टाकलं आणि नवं लिहिलं, साधं. तुम्ही रोज जे पाहता ते सांगा, एवढंच. खाली सहभागींची यादी असते. आमच्या धंद्यात तिथे नावापुढे लिहितात कोणी काय केलं ते. सुमन : पाणी पाहिलं, चूक सांगितली. मग बाकीचे, ज्यांना मी फुकटे म्हणत होते ते, एकेक शोधून लिहिले. रंग काळा करणाऱ्यालाही लिहिलं. सर्वांत वर हिराजी. पुढे काय लिहायचं ते सुचेना. बऱ्याच वेळाने लिहिलं : पाणी पाहिलं, मीठ टाकलं. ते वाचून परवाच कोणीतरी विचारलंय की मीठ टाकणं म्हणजे नेमकं काय, तेही सहभागात येतं का. मी उत्तर दिलं, येतं.

आता तीन थंड्या झाल्या त्याला. माझं एकटेपण काही गेलेलं नाही, ते जाईल असं कोणी म्हटलंही नव्हतं. चौकटी अजून विझतात, गॅलरीतून लोंढा अजून दिसतो. सुमनला मी आजवर पाहिलेलं नाही. पण अधूनमधून तिचा आवाज येतो, मागे वारा असतो, आणि ती एवढंच सांगते की आज पानी बरोबर आला. पहिल्यांदा तो निरोप आला तेव्हा मी चटकन गावचा नंबर लावला होता. वाजत राहिला. बाबांचा तो मोबाइल मीच बंद न करता, चार्ज करून, बरणीशेजारी ठेवला होता.

उद्या दशमी. गावात पोपटी आहे, म्हणून खांबच्या हाफ डिशची रुखरुख मी मनाला लावून घेत नाही. नरेशने काल फोनवर सगळ्यांची कामं वाटून दिली : मडकं, पेंढा, पाला, शेंगा. मीठ आणायला त्याने कोणालाच सांगितलं नाही. मी विचारलं, "मीठ?"

तो म्हणाला, "ते तू आनतेस ना."

मी बाबांची टोपी पिशवीत घातली आहे.